समुद्र काय राखतो आणि संगणक काय टिपतो

सोलापूरसारख्या कापडाच्या गावातील वाचकाला बुडालेल्या जहाजांचा इतिहास वाचताना एक गोष्ट चटका लावून जाते: समुद्र सुती कापड सहसा परत देत नाही. नेदरलँड्समधील टेक्सेल बेटाजवळ सतराव्या शतकात बुडालेल्या एका जहाजातून पाणबुड्यांनी २०१४ मध्ये नक्षीदार विणीचा रेशमी झगा वर आणला, तो जवळजवळ अखंड होता. रेशीम आणि लोकर ही प्रथिने असल्याने प्राणवायू न पोहोचणाऱ्या वाळूत ती तगली. कापूस आणि लिनन यांतील सेल्युलोज मात्र जिवाणूंनी फस्त केले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या कापडाचा उल्लेख पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत आहे, पण त्या काळच्या सागरी व्यापारातील भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले ते इजिप्तमधील बेरेनिके बंदराच्या कोरड्या भूमीत.

खरा धोका वस्तू पाण्याबाहेर आल्यावर सुरू होतो. लाकूड तसेच वाळू दिले तर पेशी कोलमडून ते आक्रसते आणि तडकते. म्हणूनच १६२८ मध्ये बुडालेले स्वीडनचे ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्यावर तब्बल १७ वर्षे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची (लाकडातील पाण्याची जागा घेऊन त्याला आधार देणाऱ्या मेणासारख्या रसायनाची) फवारणी करावी लागली. तरीही लाकडात मुरलेल्या गंधकापासून पुढे आम्ल तयार होऊ लागले.

त्यामुळे वस्तू हलवण्यापूर्वीच तिची नोंद होणे अत्यावश्यक ठरते. पाणबुड्या अवशेषाभोवती फिरत, प्रत्येक छायाचित्राचा मोठा भाग पुढच्या छायाचित्रातही येईल अशा बेताने शेकडो छायाचित्रे घेतो. संगणक त्यांतील समान बिंदू जुळवून त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. पाणी लाल रंग काही मीटरांतच शोषून घेत असल्याने सोबत दिवा आणि रंगपट्टी लागते, तर मोजपट्टीवाचून खरा आकार कळत नाही. वस्तूच्या पोटात शिरायचे असेल तर क्ष-किरणांचे सीटी स्कॅन उपयोगी पडते. १९०१ मध्ये ग्रीसजवळच्या जहाजातून मिळालेल्या अँटिकिथेरा यंत्रातील, म्हणजे ग्रहगती मोजणाऱ्या प्राचीन ग्रीक यंत्रातील, दडलेली दातेरी चक्रे आणि अक्षरे २००५ च्या अशाच स्कॅनमुळे अधिक स्पष्ट झाली.

माझ्या मते मूळ छायाचित्रे जपणे हे तयार प्रतिकृतीपेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण उद्याचे सॉफ्टवेअर त्यांतून अधिक बारकावे काढू शकेल. त्यासाठी ती कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या खुल्या फाइल-स्वरूपात, एकाहून अधिक ठिकाणी आणि स्थळ, खोली व तारखेच्या नोंदीसह ठेवावी लागतात, तसेच साठवणीची साधने जुनी होण्याआधी नव्या साधनांवर उतरवून घ्यावी लागतात.