अल्कधर्मी सरोवरांतील खडक : श्रेय रसायनाचे की सूक्ष्मजीवांचे?

अल्कधर्मी सरोवरांत साचणारे कार्बोनेट खडक पाण्याच्या रसायनामुळे घडतात की त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. जर्मन भूवैज्ञानिक एर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये उत्तर जर्मनीतील थरांच्या चुनखडकांना ‘स्ट्रोमॅटोलाइट’ हे नाव दिले आणि ते अगदी साध्या, वनस्पतीसदृश जीवांनी घडवले असावेत असे प्रतिपादन केले. हे मत तेव्हा अनेकांच्या पचनी पडले नाही. ऑस्ट्रेलियातील शार्क बे या खाऱ्या उपसागरात १९५० च्या दशकात असे खडक प्रत्यक्ष वाढताना आढळले, आणि मग पारडे जीवांच्या बाजूला, माझ्या मते जरा जास्तच, झुकले.

रूढ स्पष्टीकरण असे की, सायनोबॅक्टेरिया (उजेडावर अन्न बनवणारे जीवाणू) प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातील विरघळलेला अकार्बनी कार्बन वापरतात, त्यामुळे त्यांच्याभोवतीच्या पाण्याचा सामू वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपाने बाहेर पडते. गोड्या पाण्याच्या बाबतीत हे पटण्यासारखे आहे. परंतु ज्या सरोवराचा सामू मुळातच साडेनऊच्या पुढे आहे आणि ज्यात कार्बोनेट ओसंडून भरलेले आहे, तिथे प्रकाशसंश्लेषणामुळे फारसा फरक पडत नाही. तिथे तुटवडा असतो तो कॅल्शियमचा, आणि ते तळातील झऱ्यांतून येते. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराचे चुन्याचे मनोरे अशाच झऱ्यांवर पाण्याखाली उभे राहिले होते. १९४१ पासून सरोवराला मिळणारे ओढे लॉस एंजेलिसकडे वळवले गेल्यावर पातळी खालावली आणि ते मोठ्या संख्येने उघडे पडले.

तुर्कस्तानातील वान सरोवरात दोन्ही कारणे एकाच खांबात दिसतात. १९९१ मध्ये संशोधक श्टेफान केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे ४० मीटर उंचीपर्यंतच्या खांबांची माहिती प्रसिद्ध केली. कॅल्शियमयुक्त भूजल अल्कधर्मी पाण्यात मिसळते तिथे कॅल्साइट हे कॅल्शियम कार्बोनेटचे एक रूप आपोआप साचते, आणि पृष्ठभागावरील सायनोबॅक्टेरियांच्या थरात ॲरॅगोनाइट हे त्याचेच दुसरे रूप बसून तो सांगाडा पक्का होतो.

या जिवंत थराचे वागणेही सरळ नाही. पेशींनी स्रवलेला चिकट पदार्थ सुरुवातीला कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणजे खनिज तयार होऊ देत नाही. इतर जीवाणू तो पदार्थ खाऊन टाकतात, तेव्हा कॅल्शियम मोकळे होते आणि स्फटिकांना सुरुवात मिळते. मेक्सिकोतील अल्चिचिका या विवर-सरोवराच्या नमुन्यांतून २०१२ मध्ये ग्लोइओमार्गारिटा लिथोफोरा हा सायनोबॅक्टेरिया समोर आला, जो कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम असलेले कार्बोनेटचे अस्फटिकी कण पेशीच्या आतच बनवतो. त्यापूर्वी सायनोबॅक्टेरिया हे काम फक्त पेशीबाहेर करतात असे मानले जात असे.

याच काळात ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडे, मिठाच्या जाड थराखाली, तेलाचे प्रचंड साठे सापडले होते. ते धरून ठेवणारे खडक क्रिटेशस काळातील (डायनोसॉरांच्या युगाच्या शेवटच्या कालखंडातील) अल्कधर्मी सरोवरांत साचलेले असून, सुरुवातीला ते सर्रास सूक्ष्मजीवांचे काम समजले गेले. राइट आणि बार्नेट या संशोधकांनी २०१५ मध्ये यावर आक्षेप घेतला : त्यातील गोलक आणि झुडपासारखे स्फटिक मॅग्नेशियमयुक्त चिकणमातीच्या लगद्यात निव्वळ रासायनिक क्रियेनेही वाढू शकतात. या वादाला व्यवहारी बाजूही आहे, कारण खडक जीवांनी रचलेला असेल तर तो उथळ, उजेड पोहोचणाऱ्या भागांत शोधावा लागतो, आणि रसायनाने साचलेला असेल तर तो सरोवराच्या तळावर दूरवर पसरलेला असू शकतो.