शालेय जैवविविधता शिक्षण (सातारा व सांगली जिल्हे)

आपल्या परिसरातल्या वनस्पती, प्राणी, कीटक, पिकांचे वाण आणि गुरांच्या जाती मुलांना ओळखता याव्यात, त्यांची नोंद ठेवता यावी, त्या कशाने टिकतात आणि कशाने संपतात हे कळावे, यासाठी शाळेत दिले जाणारे शिक्षण. पाणी, माती, चारा, जळण, रानभाज्या, औषधी वनस्पती यांचा जपून वापर हाही त्याचाच भाग. महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत हा विषय वृक्षारोपणाच्या वाटेने शिरला आणि पुष्कळ ठिकाणी तिथेच थांबला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ही वाट विशेष अपुरी पडते, कारण इथल्या अत्यंत समृद्ध जागांपैकी काहींवर मुळात झाडेच नाहीत.

प्रदेश

हे दोन्ही जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, पूर्वेला माणदेश. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर म्हसवड-आटपाडीच्या बाजूला तो ५०० मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो. मधल्या पट्ट्यात सदाहरित रान, जांभ्याचे सडे (उघड्या कातळाची पठारे), कृष्णाकाठची काळी जमीन, ऊस आणि काटेरी झुडपांचे माळ असा सगळा पसारा आहे. पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांना एकच. राज्यप्राणी शेकरू हे उत्तर पूर्वेकडच्या जतचा आणि पश्चिमेकडच्या पाटणचा मुलगा सारखेच पाठ करतो. पाटणच्या मुलाला ते गावामागच्या रानात दिसू शकते, जतच्या मुलाने ते बहुधा चित्रातच पाहिलेले असते.

संरक्षित क्षेत्रांची इथे वाण नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. खटाव तालुक्यातला मायणीचा तलाव पाहुण्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे आणि माणसाने घडवलेले. उजाड डोंगरावर झाडे लावून तिथे सांबर, चितळ, काळवीट सोडले गेले, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. झाडे लावून काय साधते हे मुलांना दाखवायला याहून चांगली जागा नाही. तिथली हरणे आसपासच्या शेतात उतरतात आणि शेतकरी वैतागतात, हेही त्याच सहलीत सांगायला हवे.

अभ्यासक्रमातील स्थान

१९७६ च्या घटनादुरुस्तीने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९१ सालचा. राज्यात तिसरी ते पाचवीला ‘परिसर अभ्यास’ आहे, पुढे विज्ञान-भूगोलातून हा विषय येतो. राष्ट्रीय हरित सेनेचे गट २००१-०२ पासून शाळाशाळांतून निघाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. साताऱ्याची मातीशी जोडलेली शाळा याहून जुनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष, आणि ‘कमवा आणि शिका’मधली मुले शेतात राबत शिकली.

खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. आंतरराष्ट्रीय जैवविविधता दिन २२ मे रोजी, जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला. दोन्ही दिवशी शाळेला कुलूप. सड्यावर फुले येतात ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेव्हा घटक चाचणी आणि गणपती. सहल निघते दिवाळीनंतर. तोवर सडा वाळून गेलेला असतो आणि मुले काळा कातळ बघून, डबा खाऊन परत येतात.

सडा

साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. पश्चिम घाटातील निवडक ठिकाणांबरोबर त्याचा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इथे सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती सांगितल्या जातात. बेसॉल्टवर जांभ्याची टोपी, तिच्यावर मातीचा पातळ थर, बऱ्याच ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. पावसाळ्यात पाणी मुरत नाही, खळग्यांत साचते. उन्हाळ्यात तोच कातळ तापतो. मोठ्या झाडाच्या मुळाला शिरायला जागा नसते. माती धुऊन गेल्याने नत्राची वानवा असते, म्हणून दवबिंदूसारखी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडते आणि सीतेची आसवे चिखलात लपवलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. वर निळी-जांभळी फुले डुलत असतात आणि खाली शिकार चाललेली असते. चौथीच्या वर्गाला याहून रंजक पाठ सापडणे कठीण.

वायतुरा ही पाणथळ जागेतली वनस्पती १९८२ साली विज्ञानाला नव्याने माहीत झाली आणि तिचे शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस असे पडले. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. पहिलीत असताना बहर पाहिला तर पुढचा आठवीत.

‘झाडे लावा’ ही घोषणा इथे उलटी बसते. सड्यावर खड्डे घेऊन रोपे लावली की रोपे मरतात, नाहीतर तग धरून सावली करतात. दोन्ही प्रकारांत नुकसान सड्याचेच. गुरे चरणे चांगले की वाईट, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कासला काही वर्षे कुंपण होते. चराई थांबल्यावर उंच गवत माजते आणि लहान फुलझाडे दबतात, असे काही अभ्यासक आणि स्थानिक लोक म्हणत आले. मोठ्या वर्गातल्या मुलांना याचे तयार उत्तर देण्याऐवजी दोन्ही बाजू मांडायला लावणे अधिक उपयोगाचे.

कासवर फुले तोडायला किंवा तुडवायला मनाई आहे, ती योग्यच. त्यामुळे शिकायला जवळचाच सडा किंवा शाळेमागचा कातळ बरा. चाळकेवाडी, सडावाघापूर या बाजूच्या शाळांना तो दारातच मिळतो. पद्धत साधी आहे. सुतळीने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखायचा, आत काय काय आहे ते मोजायचे, चित्र काढायचे, आणि जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारीत त्याच चौकोनाकडे परत यायचे. नाव ठाऊक नसेल तर मुलांनी स्वतः एखादे तात्पुरते नाव ठेवावे. वर्तमानपत्रात फुले दाबून वही सजवण्याचा जुना छंद मात्र सड्यावर नको.

माळ

पूर्वेकडच्या माळाला सातबाऱ्यावर पोटखराब म्हणतात आणि वर्गात पडीक. त्या पडीकावर लांडगा, खोकड, ससा, माळटिटवी, चंडोल आणि धाविक राहतात, तेही उघड्या, बुटक्या गवतात, कारण धाविकाला पळायला आणि टिटवीला जमिनीवर अंडी घालायला मोकळी जागा लागते. अशा माळावर गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावून हरित कार्यक्रमाचा फोटो निघतो आणि माळ जातो. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते ओळखण्यात धनगरांची पोरे गुरुजींच्या पुढे असतात. माण, आटपाडी, जत इथल्या शिक्षकाने एक तास त्यांच्या हाती द्यावा. एरवी मागच्या बाकावर बसणारा मुलगा त्या तासाला फळ्यापाशी असतो.

साप, बिबट्या, मगर

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांच्या पूजेसाठी गाजलेली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली त्यावर निर्बंध आणले. गावाची श्रद्धा आणि कायदा यांच्यामध्ये उभे राहून शिकवणे हे शिराळ्यातल्या शिक्षकाच्या वाट्याला आलेले अवघड काम आहे. ‘अंधश्रद्धा’ असा शिक्का मारला की मूल घरी जाऊन गप्प बसते. नाग दूध पीत नाही, तो उंदरांवर जगतो आणि हाताळताना त्याच्या तोंडाला, बरगड्यांना इजा होते, एवढे सांगितले तर घरी बोलणे तरी सुरू होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखता येणे, धामण का मारू नये हे कळणे, आणि चावल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठणे, इतके आठवीपर्यंत पक्के व्हावे.

कराड, पाटण, शिराळा भागात बिबट्याने उसात बस्तान बसवले आहे. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात. ती उचलून घरी आणणे, त्यांच्याबरोबर फोटो काढणे हा सर्वांत घातक प्रकार. पिल्ले तिथेच ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आई रात्री येऊन ती नेते. पलूस-मिरज पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. मगर उन्हाळ्याच्या तोंडाला काठावर अंडी घालते आणि पिल्ले निघेपर्यंत घरट्याची राखण करते. नेमकी तेव्हाच मुलांची सुट्टी आणि नदीत पोहणे. त्यामुळे भिलवडी-औदुंबर बाजूच्या शाळांनी मगरीचा पाठ मार्चमध्येच संपवावा.

शेतातले वाण

रानातल्या जीवांइतकेच शेतातले वाणही या विषयात येतात. कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि सांगलीची हळद यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. माणदेशी खिलार आणि जतची माडग्याळ मेंढी कोरडवाहू मुलखात टिकून राहिलेल्या आहेत. आजीने कोणते बियाणे राखेत घोळून ठेवले होते, आता कोणते विकत आणावे लागते, हा गृहपाठ मोठा बोलका ठरतो. टाकळा, कुर्डू, पाथरी, तांदुळजा यांची यादी मुले घरून आणतातच.

नोंदवही

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. अनेक गावांत ती एकदा भरून कपाटात जाते. शाळेच्या दरवर्षीच्या चौकोन-नोंदी, पक्ष्यांच्या याद्या आणि जुन्या वाणांची माहिती ग्रामसभेपुढे ठेवली तर ती वही चालू राहू शकते. एकाच झुडपाला दोन गावांत दोन नावे असतात, दोन्ही लिहावीत. माहिती कोणी सांगितली तेही लिहावे.

ठिकाणाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. कंदीलपुष्पाच्या वर्गातल्या खर्चुडीसारख्या वनस्पतींचे कंद खाल्ले जातात आणि खणून काढल्यावर झाड पुन्हा येत नाही. म्हणून अशा जातींसमोर गावाचे नाव पुरे. सड्याचा नेमका कोपरा शिक्षकाच्या वहीत राहू द्यावा, आणि फोटो गटावर टाकताना मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद ठेवावी.