‘करीन’ आणि ‘करू शकेन’: व्यायामाची खात्री मोजताना

‘आठवड्यातून तीनदा व्यायाम करीन’ हा इरादा झाला. ‘अंग आंबलेलं असलं तरी तीनदा करू शकेन’ ही स्वतःच्या क्षमतेची खात्री. प्रश्नावल्यांत या दोन्ही सर्रास मिसळतात आणि मग आलेला आकडा नेमका कशाचा, हेच कळत नाही. क्षमतेवरच्या विश्वासाची ही संकल्पना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडली. असा विश्वास मोजण्यावरच्या त्यांच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतही प्रश्न ‘करू शकाल’ असाच हवा, ‘कराल’ असा नको, हे स्पष्ट सांगितलं आहे.

इरादा मोजायला एक-दोन प्रश्न पुरतात. खात्री मात्र अडचण समोर ठेवल्याशिवाय मोजताच येत नाही. वाट मोकळी असेल तर बहुतेकांना सगळं शक्य वाटतं; गुण वरच्या टोकाला गोळा होतात आणि मदत कोणाला हवी ते दिसत नाही. म्हणून थकवा, कामाचा ताण, खराब हवा, दुखापतीनंतरचे दिवस, घरी आलेले पाहुणे अशी एकेक अडचण मांडायची आणि प्रत्येकीपुढे ० ते १०० मधला आकडा लिहून घ्यायचा, दहा-दहाच्या टप्प्यांनी. ० म्हणजे मुळीच नाही, ५० म्हणजे मध्यम, १०० म्हणजे पक्की खात्री. पाचच पर्याय दिले तर लोक दोन्ही टोकं टाळतात आणि फरक दिसायला जागाच उरत नाही. सुरुवातीला सरावासाठी वजन उचलण्याचा प्रश्न द्यावा: पाच किलो, दहा, वीस, पन्नास. आकडे कसे उतरत जातात ते लगेच उमगतं.

शेवटी सरासरी काढतात, पण तिच्यावर थांबू नये. एकाचे थकव्याला ९० आणि पाहुण्यांना २०, दुसऱ्याचे दोन्हींना ५५. सरासरी सारखीच, सल्ला मात्र वेगळा: पहिल्याला फक्त पाहुण्यांच्या दिवसांची तजवीज करून द्यायची आहे.

मराठीत एक खास खाच आहे. ‘जमेल का?’ हा प्रश्न सहज सुचतो, पण त्यात ‘सवड आहे का?’ हेही येतं, आणि समोरचा भिडेखातर ‘जमेल की’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी असं विचारावं: ‘दमलेले असताना आठवड्यातून तीनदा स्वतःला व्यायामाला लावू शकाल, याची आज, या क्षणी किती खात्री वाटते?’ उत्तर नाव न घालता, एकट्याने लिहू द्यावं.