रक्तातली एसटी आणि औषधाचा डबा

सोलापुरातल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं रक्त तपासायचं काम केलं. लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीसाठी, ‘उपाशीपोटी या’ असं दहादा बजावलं, तरी एखादे काका कडक भाकरी आणि तेल ओतलेली शेंगाचटणी खाऊनच यायचे. कबूल कोण करतंय? पण नळी मशीनमध्ये फिरवली की चोरी पकडली जायची. तांबड्या पेशी तळाला बसायच्या आणि वर जिथं स्वच्छ पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथं पाणी घातलेल्या दुधासारखं गढूळ काहीतरी. तीच नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी वर चक्क साय आलेली असायची.

ही साय म्हणजे जेवणातून आलेल्या चरबीच्या पुड्या. रक्तात बहुतेक पाणीच, आणि तेल काही पाण्यात विरघळत नाही. म्हणून चरबी पेशींपर्यंत न्यायची तर शरीर तिच्या बारीक पुड्या बांधतं. पाण्याशी जमवून घेणारं पातळ वेष्टण बाहेर, चरबी आत. सायीतल्या पुड्या त्यातल्या त्यात अवाढव्य. रिपोर्टमध्ये ज्याच्यावर लाल खूण दिसली की आपला चेहरा पडतो, ते एलडीएल ही त्यांच्या मानानं अगदीच चिमुकली पुडी: साधारण २२ नॅनोमीटर. तांबडी पेशी तिच्या तीनशेपट रुंद. एवढ्याशा पुडीच्या पोटात कोलेस्टेरॉलचे सुमारे १५०० रेणू असतात आणि अंगाभोवती एकच लांबलचक प्रथिन गुंडाळलेलं असतं. अपोबी-१०० हे त्याचं नाव.

हे प्रथिन म्हणजे एसटीच्या कपाळावरची पाटी. शिकायला सोलापुरात राहिलेल्या लेकरासाठी आई मोहोळहून, मंगळवेढ्याहून डबा एसटीत ठेवते, आणि पोरगं पाटी वाचून बरोबर त्याच गाडीतून तो उतरवून घेतं. पेशींचंही तसंच. त्यांच्या अंगावर एलडीएलची पाटी ओळखणारे रिसेप्टर असतात. पुडी चिकटली की पेशीचं आवरण तिथं आत खचतं, पुडी आत ओढली जाते, आम्लानं भरलेल्या कप्प्यात फोडली जाते आणि रिसेप्टर पुढच्या गाडीसाठी पुन्हा दारात येऊन उभा राहतो. अमेरिकेत डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे उलगडलं. कोवळ्या वयात हार्टअटॅक येणाऱ्या मुलांच्या पेशींत हा रिसेप्टरच धड नसतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

आता कॅन्सरकडे येऊ. जी पेशी सारखी दुभंगतेय तिला दर वेळी नवं आवरण लागतं, आणि आवरणाला कोलेस्टेरॉल लागतं. म्हणून बऱ्याच कॅन्सरपेशी या गाड्यांवर तुटून पडतात. ल्युकेमियाच्या काही रुग्णांच्या पेशी निरोगी पांढऱ्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त एलडीएल गिळतात, हे १९७८ मध्येच दिसलं होतं. अशा रुग्णांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल कधीकधी एकदम खाली येतं आणि उपचार लागू पडले की पुन्हा चढतं. ‘बघा, कोलेस्टेरॉल किती छान आहे!’ असं म्हणणारे नातेवाईक मला आठवतात. (कमी कोलेस्टेरॉल म्हणजे कॅन्सर, असा उलटा हिशोब मात्र कुणी मांडू नका. आणि तूप सोडून गाठ उपाशी मरत नाही. लागणारं कोलेस्टेरॉल यकृत घरीच तयार करतं.)

गाठ एवढी हावरी असेल तर त्याच डब्यात औषध का घालू नये? कल्पना एवढीच. पण तिची गरज किती आहे, हे पॅक्लिटॅक्सेल या औषधाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेलं हे औषध पाण्यात विरघळतच नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात मिसळून सलाइनमधून देतात. त्या द्रावकानंच काहींना जोराची रिअॅक्शन येते. ती टाळायला आधी स्टेरॉइड आणि अॅलर्जीची इंजेक्शनं द्यायची, मग तीन तास ड्रिप. म्हणजे औषधाइतकीच त्याच्या गाडीचीही धास्ती! शिवाय रक्तात उतरलेलं औषध केसांची मुळं, आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा अशा भराभर वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही तडाखा देतं.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो इथं संशोधक राउल मारान्याओ यांनी गंमतशीर वाट काढली. एलडीएलसारखे चरबीचे थेंब कारखान्यात बनवायचे, पण पाटी न लावता. रक्तात गेल्यावर ते तिथल्याच दुसऱ्या पुड्यांकडून एक प्रथिन उचलतात आणि आपली पाटी स्वतःच लावून घेतात. औषध थेंबात टिकावं म्हणून त्याला आधी चरबीची शेपटी जोडायची. थोड्या रुग्णांवर हे करून पाहिलं, तेव्हा औषधाचा त्रास कमी झाल्याचं दिसलं.

खरं एलडीएल दात्यांच्या रक्तातून काढणं परवडणारं नाही, आणि अपोबी-१०० कारखान्यात करावं तर ते अमिनो आम्लांच्या साडेचार हजार कड्यांचं धूड. म्हणून बऱ्याच जणांची नजर एचडीएल या रक्तातल्याच दुसऱ्या पुडीवर गेली. त्याचं मुख्य प्रथिन फक्त २४३ कड्यांचं, जीवाणूंकडून करून घेता येतं. मला एचडीएलची दुसरीच खुबी जास्त आवडते. त्याचा रिसेप्टर पुडी गिळत नाही. आतला माल तेवढा काढून घेतो आणि रिकामा डबा परत पाठवतो. आम्लाच्या कप्प्यात जे औषध नासून जाईल, त्याला हा रस्ता बरा. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन सेंटरमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये जनुकांना गप्प करणारे आरएनएचे तुकडे अशा एचडीएलमधून उंदरांतल्या गाठींपर्यंत पोचवले.

अडचण एकच, पण मोठी. या गाड्यांचा सगळ्यात मोठा स्टँड यकृत आहे, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींवरही त्या हमखास थांबतात. गाठीच्या थांब्यावर उतरायचा डबा तिथंही उतरतो. उंदरात जमलेलं माणसात अडतं, त्याचं हे एक मोठं कारण.

रक्तातलीच दुसरी गाडी मात्र केव्हाच रस्त्यावर आली आहे. अल्ब्युमिन हे रक्तातल्या त्या पिवळसर पाण्यात सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन, नाना वस्तू पाठीवर वाहणारं. पॅक्लिटॅक्सेल त्याच्यात बांधून बनवलेल्या १३० नॅनोमीटरच्या कणांना अमेरिकेत २००५ मध्ये पसरलेल्या स्तनांच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. हे कण रक्तात लवकर विखुरतात, त्यामुळे औषध नेमकं गाठीतच उतरतं असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. पण एरंडेलाचं द्रावक गेलं, हे नक्की. आपल्याकडे आता त्याच्या जेनेरिकही मिळतात. दर साध्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा चढाच.

सोलापूरपासून ७० किलोमीटरवर बार्शी आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथं सुरू झाली. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका केमोला निघतात तेव्हा सोबत कोण येणार आणि परतीची गाडी कितीची, हे आधी ठरवावं लागतं. साध्या पॅक्लिटॅक्सेलला तीन तास आणि त्याआधीची इंजेक्शनं. अल्ब्युमिनवाल्याला ड्रिप अर्ध्या तासाची. दुपारची एसटी सापडते.