तालमीच्या पेठेत मुलींचा बास्केटबॉल : मागची गोष्ट

परवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये बास्केटबॉलची रिंग वाकवून घेतली. आतला व्यास ४५ सेंमी, सळई १६ मिलिमीटरची, जाळी अडकवायला खालून बारा कड्या. मिस्त्रींनी सळई तापवून वळवली, जोड वेल्ड केला, ग्राइंडर फिरवला आणि मग त्यावरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. जोडाला कंगोरा राहिला तर जाळी आठ दिवसांत फाटते, म्हणाले. पेठेतल्या पोरींसाठी हा खेळ सुरू करतोय म्हटल्यावर मजुरी निम्मीच घेतली.

लोखंडाचं काम कोल्हापुरात अडत नाही. अडतं ते संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेपाशी. मोकळी जागा त्या वेळी फुटबॉलच्या पोरांच्या ताब्यात असते, हे इथं वेगळं सांगायला नको. मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास चाळताना मला सारखं जाणवलं ते हेच की अडचण पैशाची कमी आणि राखीव वेळेची जास्त होती.

हा खेळच मुळात काटकसरीचा. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यात बंद हॉलमध्ये खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, फुटबॉल घेतला, तेरा नियम लिहिले. काही आठवड्यांतच शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका तिथे खेळ बघायला थांबू लागल्या आणि आम्हालाही खेळायचंय म्हणाल्या. म्हणजे बायका या खेळात मागाहून आलेल्या नाहीत, जवळजवळ पहिल्या दिवसापासून आहेत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ‘हा पोरांचा खेळ’ हे वाक्य आपल्याकडे आजही सहज ऐकू येतं.

१८९२ मध्येच स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन या व्यायामशिक्षिकेने तो सुरू केला. मार्च १८९३ मध्ये तिथल्या दोन वर्गांमध्ये सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना दार बंद होतं. मुली त्या दारामागे मनसोक्त पळाल्या, ओरडल्या. पण बायकांनी इतकं आडदांड खेळणं बरं नव्हे, ही टीका टाळायला बेरेन्सनबाईंनी नियमही बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि आपला भाग कुणी ओलांडायचा नाही असं ठरवलं. चेंडू हातातून हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, तीनदाच टप्पा द्यायचा. सुरुवातीला या नियमांच्या आडोशाने मुलींना खेळता आलं हे खरं. पण पुढे तोच आडोसा कुंपण झाला. नंतर तीनाचे दोन भाग झाले, तरी मुलींनी आपल्या अर्ध्या मैदानातच थांबायचं, ही सहा जणींच्या खेळाची पद्धत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात शाळांमधून १९९५ पर्यंत चालली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ ला आला, बायकांचा १९७६ ला. मधली चाळीस वर्षं.

आपल्या देशात खेळ आला तो वायएमसीएच्याच वाटेने. १९२० मध्ये मद्रासला हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. तिथे शिकलेले व्यायामशिक्षक शाळाशाळांत गेले. मुंबईत नागपाड्याला १९२७ च्या सुमारास नेबरहूड हाउस हे वस्तीसाठीचं समाजकेंद्र उभं राहिलं आणि त्या दाट वस्तीत बास्केटबॉल रुजला. भारताचे कर्णधार अब्बास मुंतसीर तिथलेच. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्याचं उदाहरण मी मुद्दाम देते. ना क्लबची ऐट, ना लांबचा प्रवास. घरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर कोर्ट.

आणि ही पद्धत कोल्हापूरला परकी कुठे आहे? आपल्या तालमी म्हणजे दुसरं काय? शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ ला खासबाग मैदान झालं, पण पैलवान घडले ते पेठांमधल्या तांबड्या मातीत. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नावांपुढे आजही ‘तालीम मंडळ’च लागतं. गल्लीची वर्गणी, गल्लीची पोरं, सामन्याला शाहू स्टेडियमवर अख्खी गल्ली. स्वस्तात खेळ चालवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. फक्त ती पोरांपुरती राहिली.

इथल्या मुली कमी पडल्या असं मुळीच नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. पण बंदूक, गोळ्या, रेंज हा खर्चाचा मामला. दहा वर्षांच्या बारा पोरींनी दप्तर टाकून एकत्र धावावं, असा खेळ पेठेत नाही. पुण्याची शिरीन लिमये भारतीय बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली, म्हणजे चार तासांवरच्या शहरात हे घडतं.

आता खेळाचं रूपही आपल्या सोयीचं झालंय. तिघी-तिघींचा, एकाच रिंगवरचा ‘थ्री बाय थ्री’ टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. त्याला १५ बाय ११ मीटर जागा पुरते. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ चं. लहान मुलांसाठी रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर लावतात आणि ५ नंबरचा चेंडू देतात. उंच रिंगवर छोटी मुलगी सगळ्या अंगाने चेंडू फेकते, खांदा वाकडा होतो, सवय तशीच बसते. म्हणून आमच्या खांबाला दोन उंचींची भोकं पाडून घेतलीत.

वर्गणी महिना ५० रुपये ठरवतोय, बहीण असेल तर तिची नाही. चेंडू मंडळाचे. बुटांची सक्ती नाही, पण पट्ट्याची चप्पल नको.

जागेसाठी तालमीत गेलो तेव्हा कारभारी म्हणाले, “ताई, पोरींना कोण नाही म्हणतंय? पण पाचला फुटबॉलची पोरं येत्यात.” तासभर बोलणं झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाच ते साडेसहा मिळाले. त्यांनी दारातल्या फळ्यावर खडूने ‘मुली’ असं लिहिलं. मी म्हटलं, “दादा, खडूनं नको. ऑइलपेंट आणलाय.”