शिळं पाणी

सोलापुरात नळाला पाणी येतं त्या दिवशी घराचं वेळापत्रक पाण्याच्या हातात जातं. मध्यरात्री आलं तर मध्यरात्री मोटारी घरघरतात, पिंपं सरकतात, घागरी रांगेत लागतात. आणि नवं भरण्याआधी मागच्या खेपेचं उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं जातं. "शिळं झालंय ते, ओत." माझ्या आजीनं जन्मभर हेच केलं. तिचं पाहून मीही कित्येक वर्षं केलं.

पण पाणी भातासारखं शिळं होत नाही. भात नासतो, कारण जंतूंना त्यात भरपूर खायला मिळतं. स्वच्छ पाण्यात तसं फारसं काही नसतं. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. पाणी साठवून ठेवलं की हे क्लोरीन हळूहळू संपतं. त्यानंतर जंतू आत शिरला तर त्याला अडवायला कोणी नसतं. तो शिरतो बहुतेक वेळा आपल्याच हातानं, बोटं बुडवून घातलेल्या तांब्याबरोबर. म्हणजे पाण्याचं वय हा खरा प्रश्न नाही, ते उघडं राहणं हा आहे. पिण्याचं पाणी तोटी असलेल्या भांड्यात झाकून ठेवलं, निदान लांब दांड्याचं ओगराळं वापरलं, तर ते पुढच्या पाण्यापर्यंत चांगलं राहतं. शंका आलीच तर उकळून घ्यावं. बाकीचं पाणी धुण्याला, फरशीला, संडासाला कितीही 'शिळं' चालतं.

राहिला डासांचा प्रश्न, आणि तो खरोखर गंभीर आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास आपल्या घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो. उन्हाळ्यासारख्या उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पाणी ओतणं बरोबरच, असं वाटेल. पण एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की उघडतात. नुसतं पाणी ओतून नवं भरलं, तर अंडी जागच्या जागी राहतात आणि आपण त्यांना ताजं पाणी देतो! पिंप आतून काथ्यानं खसखसून घासणं आणि तोंडाला कापड घट्ट बांधणं, डास थांबतो तो यानं. घासायचा मुहूर्त पाणी यायच्या आदल्या दिवशीचा. तोवर उरलेलं पाणी धुण्यात आणि अंगण पुसण्यात संपवून टाकायचं.

ओतलेल्या पाण्याचा हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. पाच माणसांचं एक घर धरलं, तर १ लाख ९० हजार घरं. प्रत्येक घरानं दर खेपेला फक्त २० लिटर ओतलं असं समजा. ३८ लाख लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे ३८० टँकर, एका खेपेला. आणि हे पाणी काही शेजारच्या विहिरीतून आलेलं नसतं. उजनी धरणाहून शंभर किलोमीटरपेक्षा लांबची जलवाहिनी आहे. शिवाय धरणातून भीमेत सोडलेलं पाणी, शहरासाठी जिथून उपसतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेत बरंच मुरतं, बरंच उन्हानं उडतं. मग उपसा, शुद्धीकरण, पुन्हा पंप. प्रत्येक टप्प्याला वीज लागते.

उलट दिशेनंही हेच. दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीजवळ एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, आणि त्यालाही पाणी उजनीचंच लागतं. अशा केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण तीन-साडेतीन लिटर पाणी आणि ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जातो. बल्ब बंद केला की पाणी वाचतं, असं लहान मुलांना सांगितलं तर ती हसतील. पण ते अक्षरशः खरं आहे.

आपल्या हवेचा एक गुण मात्र आपण पुरेसा वापरत नाही, तो म्हणजे तिचा कोरडेपणा. आपली कडक भाकरी महिनोन्महिने टिकते ती याच तत्त्वावर: ओल नाही तर बुरशी नाही, मग फ्रीजही नको. माठाचं गणित तर मला फार आवडतं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातं. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायला ४ लाख २० हजार जूल काढून घ्यावी लागतात. त्यासाठी अंगातून पाझरून उडावं लागतं जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम पाणी. एक पेला! बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त, पण वीज शून्य. माठ बंद कोपऱ्यात न ठेवता सावलीत, वारा लागेल असा ठेवावा. आपल्या जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात. माठ 'पाझरेना' झाला की बाहेरून काथ्यानं घासून दोन दिवस उन्हात टाकायचा. साबण लावायचा नाही, माठ तो पिऊन घेतो.

कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच. ओल्या पृष्ठभागावरून हवा कितपत गार होऊ शकेल, हे हवेतल्या ओलीवर ठरतं. मे महिन्याच्या दुपारी ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ती मर्यादा साधारण २३ अंशांवर येते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना ती २८ वरच अडकते. म्हणून मुंबईकराला कूलर निरुपयोगी वाटतो, त्याचं ऐकून सोलापूरकरानं एसी घेऊ नये. दीड टनी एसी पूर्ण जोरात तासाला दीड युनिटच्या आसपास खातो, कूलर ०.२ युनिट. कूलर घरचं पाणी पितो हे खरं, तासाला पाच-दहा लिटरही. एसीचं पाणी वीजकेंद्रात उडतं, ते आपल्याला दिसत नाही, एवढंच. पाण्यात दोघं फार लांब नाहीत. कोळशात मात्र एसी सातपट पुढे आहे.

कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी. दमट हवा बाहेर पडली नाही तर तासाभरात खोली चिकट होते, मग लोक कूलरलाच नावं ठेवतात. टाकी आठवड्याला रिकामी करून आतून घासायची, कारण डासाला पिंप काय आणि कूलर काय, सारखंच. उडून गेलेलं पाणी क्षार मागे ठेवून जातं, त्यामुळे तळाचं उरलेलं पाणी खारट होतं. ते तुळशीच्या कुंडीत ओतू नये, संडासात किंवा अंगण धुवायला वापरावं. मी ते बादलीत काढून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या त्याच पाण्यानं धुते.