हौशी दमसासाचे खेळ, नागपूर

पोटापाण्याचा उद्योग वेगळा असताना केवळ हौसेने तासन्‌तास धावणे, सायकल चालवणे किंवा पोहणे, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने सराव करणे, म्हणजे हौशी दमसासाचे खेळ. २१.१ किमीची अर्धमॅरेथॉन, ४२.१९५ किमीची मॅरेथॉन, ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या २०० ते ६०० किमीच्या ब्रेवे सायकलफेऱ्या, आणि पोहणे, सायकल व धावणे एकापाठोपाठ करायची ट्रायथलॉन हे यातले मुख्य प्रकार. या खेळात प्रगती सरळ रेषेत कधीच होत नाही. नागपुरात तर वर्षभराचा आलेख उन्हाळाच ठरवतो.

लांब पल्ला पायी तोडणे विदर्भाला नवे नाही. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत पचमढीच्या डोंगरातील नागद्वारच्या यात्रेला इथून मोठ्या संख्येने लोक जातात आणि भर पावसात निसरड्या चढणी चढतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरपर्यंत पायी जाते. या चालण्यात घड्याळ नसते. ठरलेली मुदत आणि ती चुकल्यावर नावापुढे लागणारा ‘डीएनएफ’ (डिड नॉट फिनिश, म्हणजे शर्यत अपुरी) हा शेरा मात्र आधुनिक खेळाने आणला.

शहरात पहाटेचे धावणे सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी आणि सिव्हिल लाइन्सच्या झाडीच्या रस्त्यांवर चालते. नागपूर बरेचसे सपाट असल्याने सेमिनरी हिल्सच्या चढाला सरावात फार मोल आहे. सायकलस्वारांना पूर्वेला भंडाऱ्याकडे सपाटी मिळते, तर पश्चिमेला कोंढाळी आणि काटोलकडे पायांची परीक्षा घेणारे चढ-उतार. रामटेक सुमारे ५० किमीवर आहे, त्यामुळे जाऊन-येऊन पहिली शंभरी गाठायला ते सोयीचे. ट्रायथलॉन करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, म्हणून बहुतेक सराव जलतरण तलावातल्या लेनमध्ये होतो. लाटा आणि मान वर काढून दिशा राखणे या गोष्टी थेट स्पर्धेतच भेटतात.

खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या खालीही जाते, पहाटेची हवा कोरडी असते आणि त्याच पायांनी वेग आपोआप वाढतो. या महिन्यांतल्या वेळेवर पुढच्या वर्षाचे बेत बांधू नयेत, कारण त्यात थंडीचा वाटा मोठा असतो. मार्चपासून उतार लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो आणि रात्रीही भिंती गरमच राहतात. तेव्हा सराव पहाटे साडेचार-पाचला सुरू होऊन सातच्या आत संपवावा लागतो. शरीर उन्हाशी जुळवून घेते हे खरे. साधारण १० ते १४ दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पण या जुळवणीला मर्यादा आहे. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. अंगावर भरपूर गार पाणी ओतत तातडीने रुग्णालय गाठावे. दुपट्टा आणि खिशातला कांदा यांवर विसंबून दुपारी धावायला निघणे जिवावर बेतू शकते.

पावसाळा वरकरणी सोपा वाटतो. पारा उतरतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि नाडीचे ठोके चढेच राहतात. जुलैत वेग कमी झाला म्हणून नाउमेद होण्याचे कारण नाही. साधे पाणी घटाघटा पीत राहण्याचाही धोका आहे: रक्तातील सोडियम उतरते, डोके दुखते, मळमळते, प्रसंगी झटके येतात. तहानेप्रमाणे पिणे आणि लांब पल्ल्यात मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा मठ्ठा घेणे अधिक सुरक्षित.

चढ-उताराचे दुसरे कारण शरीराच्या बांधणीत आहे. दमसास लवकर वाढतो, पाय उशिरा तयार होतात. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांच्या सरावाने सुधारतात. स्नायुबंध आणि हाडांना मात्र अनेक महिने लागतात. नवा धावपटू तिसऱ्या महिन्यात नेमका इथेच फसतो. श्वास साथ देत असतो म्हणून तो अंतर वाढवतो आणि नडगीचे दुखणे, गुडघ्याच्या बाहेरची कळ किंवा हाडाची बारीक चीर घेऊन घरी बसतो. विश्रांती लांबली तर दोन-तीन आठवड्यांतच दम घटू लागतो. सरावाला परतल्यावर दमसास पुन्हा लवकर वाढतो आणि तीच चूक पुन्हा घडते. मॅरेथॉनमध्ये ३० किमीच्या आसपास लागणारी ‘वॉल’, म्हणजे एकाएकी त्राण जाऊन वेग कोसळणे, ही ऊर्जेच्या साठ्याची गोष्ट आहे. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, सुमारे २,००० कॅलरी पुरवते. सुरुवात जोरात केली तर ते लवकर संपते.

ब्रेवेमध्ये क्रमांक नसतो. फ्रान्समधील ऑदॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार २०० किमीला साडेतेरा, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात, आणि पंक्चर स्वतः काढायचे असते. चारही अंतरे एका हंगामात पुरी करणारा ‘सुपर रँदोनर’ ठरतो. ६०० ची फेरी हुकली तरी त्याच हंगामात दुसऱ्या गावच्या क्लबची ६०० करता येते. हौशी माणसासाठी याहून न्याय्य रचना सापडणे कठीण. या वाटेने किती दूर जाता येते, हे नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी दाखवले: २०१७ मध्ये त्यांनी सुमारे ४,८०० किमीची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने १२ दिवसांच्या मुदतीत पुरी केली, आणि २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किमीहून लांब शर्यत.

बहुतेकांचे चढ-उतार मात्र घर आणि नोकरीतून येतात: मुलांच्या परीक्षा, बदली, आजारपण, लग्नसराई. स्त्रियांना त्यात अंधारातल्या रस्त्यांची भर पडते, आणि उन्हाळ्यात तर सराव अंधारातच सुरू करावा लागतो. त्यामुळे अनेकींचा सराव सोबत मिळण्यावर अवलंबून राहतो. स्त्रियांमध्ये लोहाची कमतरताही जास्त आढळते. वेग विनाकारण घसरत असेल, तर सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासून घ्यावे.